सेनापतींचे तळेगाव : देवळे, समाध्या आणि श्रावणातील दक्षिणा

कोकणातून बोरघाट चढून येणारी वाट खंडाळा-लोणावळ्यापाशी मावळात शिरते, इंद्रायणीच्या खोऱ्यातून कार्ले व वडगाव मागे टाकते आणि तळेगावापाशी डोंगररांगांतून सुटून देशावरच्या मोकळ्या माळाला लागते. घाटमाथ्याला लागून असलेल्या नदीखोऱ्यांच्या या मुलखात, म्हणजे अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ यांत, लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि राजमाची हे किल्ले आहेत, कार्ले, भाजे व बेडसे ही बौद्ध लेणी आहेत आणि जवळजवळ प्रत्येक गावाला स्वतःचे ग्रामदैवत आहे. किल्ल्यांवर आणि लेण्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु मराठी राज्याचे सेनापतिपद ज्या एका मावळी घराण्याकडे दोन पिढ्या राहिले, त्या तळेगावच्या दाभाड्यांचा आणि देवळांचा संबंध कसा होता, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. हा संबंध केवळ भक्तीचा नव्हता. गावातील मान, मुलूखगिरीतून आलेला पैसा आणि राज्यातील अधिकार या तिन्हींचा हिशेब त्यात मिसळलेला होता, आणि त्यामुळेच घराण्याचे पद गेले तेव्हा धर्मकृत्यांपैकी काय त्याच्याबरोबर गेले आणि काय मागे उरले, हे पाहण्यासारखे ठरते.

दाभाडे मूळचे तळेगावचे पाटील. पाटील म्हणजे गावाचा वंशपरंपरागत मुख्य, ज्यालाच जुन्या कागदांत मुकदम असेही म्हटलेले आढळते. सरकारचा वसूल गोळा करणे, गावातील तंटे मिटवणे आणि गावाच्या वतीने सरकारापुढे उभे राहणे ही त्याची कामे होती. या कामाबद्दल त्याला जो हक्क मिळे त्याला वतन म्हणत, आणि वतनात जमीन व धान्याचा वाटा यांच्या जोडीने मानपानही मोजला जाई. होळीत पहिली पोळी कोणाची पडावी, ग्रामदैवताला पहिला नैवेद्य कोणाच्या घरून जावा, पालखीपुढे कोणी चालावे, पोळ्याला कोणाचे बैल आधी वेशीतून जावेत, हे सारे वतनाचाच भाग असे आणि त्यावरून झालेले तंटे थेट छत्रपतींच्या दरबारापर्यंत गेल्याची उदाहरणे मराठी कागदपत्रांत विपुल आहेत. तळेगावचे ग्रामदैवत डोळसनाथ, वडगावचे पोटोबा महाराज, वेहेरगावच्या डोंगरात कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर बसलेली एकवीरा, ही दैवते कोणा सरदाराने आणून बसवलेली नाहीत. ती गावांइतकीच जुनी, आणि एकवीरेच्या बाबतीत तर कोकणपट्टीतील कोळी, आगरी अशा समाजांची कुलदेवता म्हणून तिचा अधिकार मावळाच्या कितीतरी पलीकडे पोचलेला. अशा दैवतांपुढे सेनापतीही प्रथम पाटीलच ठरत असे. घराणे मोठे झाल्यावर त्याने गावच्या देवाला दान द्यावे हे अपेक्षित होते, पण देवाने त्या घराण्याचे नाव घ्यावे हे नव्हे.

घराण्याचा उत्कर्ष सुरू झाला तो छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात. १६८९ मध्ये राजाराम महाराज रायगडावरून निघून दक्षिणेत जिंजीकडे गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर गेलेल्या मंडळींत येसाजी दाभाड्यांचे पुत्र खंडेराव होते. पुढे शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यावर खंडेराव त्यांच्या पक्षाला राहिले आणि गुजरात, बागलाण व खानदेश या प्रदेशांत त्यांनी आपले बस्तान बसवले. सुरत ते बुऱ्हाणपूर हा त्या काळातील सर्वांत मोठ्या व्यापारी मार्गांपैकी एक. त्यावर ठाणी घालून खंडेरावांनी जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर वसुली बसवली आणि ती मोडण्यासाठी दख्खनचा मोगल सुभेदार सय्यद हुसेन अली याने पाठवलेल्या फौजेचा धुव्वा उडवला. जानेवारी १७१७ मध्ये शाहू महाराजांनी त्यांना सेनापती नेमले. शिवकाळात अष्टप्रधानांपैकी हे पद एका व्यक्तीची नेमणूक होते. शाहूंच्या काळात मात्र पेशवेपदाप्रमाणेच तेही एका घरात वंशपरंपरेने राहू लागले. १७१८-१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशव्यांबरोबर खंडेराव दिल्लीपर्यंत गेले. चौथाई, म्हणजे मुलखाच्या वसुलाचा चौथा हिस्सा, आणि सरदेशमुखी, म्हणजे त्यावरचा दहावा हिस्सा, यांच्या बादशाही सनदा याच स्वारीतून मिळाल्या. १७२० मध्ये निजामाविरुद्ध झालेल्या बाळापूरच्या लढाईत दाभाड्यांच्या फौजेतील दमाजी गायकवाड नावाच्या एका सरदाराने नाव काढले आणि त्याला शमशेर बहादूर हा किताब मिळाला. बडोद्याच्या गायकवाडांची सुरुवात ही अशी तळेगावच्या पदरी झाली.

पैसा गुजरातेतून येत होता, पण तो खर्च होण्याची ठिकाणे मावळात होती, आणि त्यांपैकी तळेगावच्या उत्तरेस इंद्रायणीकाठी असलेल्या इंदुरीचा भुईकोट हे एक. भुईकोट म्हणजे डोंगराचा आधार नसलेला, सपाट जमिनीवर तटबंदी घालून उभा केलेला किल्ला. मावळातील बाकीचे सगळे किल्ले डोंगरमाथ्यावर असताना हा नदीच्या काठी असावा याला अर्थ आहे, कारण तो शत्रूला अडवण्यासाठी जितका होता तितकाच सरदाराच्या वैभवाला साजेशी गढी म्हणूनही होता. या कोटाच्या आत कडजाई देवीचे देऊळ आहे. आज कोटाची बरीच पडझड झाली आहे, आतले वाडे राहिलेले नाहीत, पण देवीची पूजाअर्चा चालू आहे. मावळातील किल्ल्यांची सर्वसाधारण कथा हीच आहे. राजमाचीच्या श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांवरून सत्ता कान्होजी आंग्र्यांकडून पेशव्यांकडे आणि तेथून कंपनीकडे गेली, पण दोहोंमधल्या सपाटीवरचा भैरव तेथेच राहिला आणि त्याचा गुरवही.

घराण्याच्या देवकार्यातील सर्वांत मोठे बांधकाम मात्र मावळात नाही. खंडेरावांच्या पत्नी उमाबाई या नाशिककडच्या अभोण्याच्या ठोके देशमुखांच्या कन्या, आणि अभोण्याहून सप्तशृंगीचा डोंगर जवळच. सप्तशृंगीच्या चढावर कड्यात साडेचारशेहून अधिक पायऱ्या बांधवून घेण्याचे श्रेय परंपरेने उमाबाईंना दिले जाते आणि ते काम १७१० च्या सुमाराचे मानले जाते. हे काम सासरच्या देवाचे नसून माहेरच्या देवीचे होते, ही गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. मराठा सरदार घराण्यांतील स्त्रियांच्या दानधर्माचा इतिहास लिहायचा झाल्यास तो सासर-माहेराच्या या दुहेरी ओढीतून लिहावा लागेल. सासरच्या पैशाने माहेरच्या दैवताची सोय करण्याइतका अधिकार उमाबाईंना पतीच्या हयातीतच होता, हे त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहता नवल वाटण्याजोगे नाही.

तरीही दाभाड्यांचे सर्वांत दूरवर पोचलेले धर्मकृत्य दगडाचे नव्हते. खंडेरावांनी तळेगावात दरवर्षी विद्वान ब्राह्मणांना जमवून, त्यांना भोजन घालून दक्षिणा देण्याचा परिपाठ सुरू केला होता, आणि श्रावण हा त्याचा काळ. श्रावणात वेदपाठी ब्राह्मणांना दान देणे ही जुनी रीत. नवे होते ते त्याचे प्रमाण आणि त्यामागची जाहिरात. शाहूंच्या राज्यात पेशवे, प्रतिनिधी, सेनापती असे प्रत्येकजण आपापल्या बळावर मुलूख मिळवत होते, आणि अशा वेळी दूरदूरचे वैदिक व शास्त्री कोणाच्या दारी येतात, कोणाच्या नावाने आशीर्वाद देतात, यालाही राजकीय वजन होते. ब्राह्मण पेशव्याच्या पुण्याशेजारी, जेमतेम दिवसभराच्या चालीवर, एक मराठा सेनापती हे करत होता, हे विसरून चालणार नाही.

२७ सप्टेंबर १७२९ रोजी खंडेराव वारले आणि त्यांचे ज्येष्ठ पुत्र त्रिंबकराव सेनापती झाले. त्याच सुमारास पेशवे बाजीराव आणि त्यांचे बंधू चिमाजी आप्पा यांनी गुजरातच्या मोगल सुभेदाराकडून त्या प्रांताची चौथाई परभारे लिहून घेतली. गुजरात ही आपली मुलूखगिरी, असे दाभाडे समजत होते आणि शाहूंच्या दरबारातही ते मान्य होते. साहजिकच त्रिंबकराव उघड विरोधात गेले आणि त्यांनी निजामाशी संधान बांधले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ बाजीरावांशी झालेल्या लढाईत त्रिंबकराव गोळी लागून पडले. स्वकीयांच्या या लढाईचा डाग शाहूंना बोचत राहिला. महाराज स्वतः उमाबाईंच्या समजुतीसाठी तळेगावास गेले आणि त्यांनी बाजीरावांना त्यांच्या पायांवर घातले, अशी हकीकत सांगितली जाते. सेनापतिपद त्रिंबकरावांचे धाकटे बंधू यशवंतराव यांना मिळाले, सेनाखासखेल हा दुय्यम लष्करी किताब त्यांचे तिसरे बंधू बाबूराव यांना, आणि गुजरात दाभाड्यांकडे ठेवून तेथील अर्धा वसूल पेशव्यांमार्फत सरकारात भरावा असे ठरले. मुले अननुभवी असल्याने कारभार उमाबाईंच्या हाती आला. दाभाड्यांचे गुजरातेतील सरदार पिलाजी गायकवाड यांच्या खुनानंतर त्या स्वतः फौज घेऊन अहमदाबादेवर गेल्या.

डभईनंतरची एक घटना तहनाम्यात नाही, पण तिचे परिणाम तहापेक्षा टिकाऊ ठरले. ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवले आहे, की सेनापतींचा तळेगावातील ब्राह्मणभोजनाचा परिपाठ पेशव्यांनी पुढे पुण्यात चालू ठेवला आणि विद्वानांना पैसा देण्याची पुणे दरबारची दक्षिणा तेथून सुरू झाली. हरलेल्या घराण्याचा मुलूख लगेच घेता आला नाही, पुण्याई मात्र घेता आली. पुढे या दक्षिणेचा पसारा इतका वाढला की पर्वतीच्या पायथ्याशी त्यासाठी भिंतींचे मोठे आवार, म्हणजे रमणा, बांधावा लागला. सामान्य याचक ब्राह्मणांना रमण्यात एकत्र करून बाहेर पडताना दक्षिणा दिली जाई, आणि नामांकित शास्त्र्यांची योग्यता पाहून त्यांना वाड्यात वेगळी संभावना मिळे. काशीपासून द्रविड देशापर्यंतचे ब्राह्मण श्रावणात पुण्याची वाट धरू लागले आणि तळेगाव हे त्या वाटेवरचे एक गाव राहिले.

सत्ताधारी लढवय्या घराण्यांनी देवस्थाने उभारून आपला अधिकार पक्का करावा, ही गोष्ट अर्थातच एकट्या महाराष्ट्राची नाही, आणि जपानमधील कामाकुरा या नगराचे उदाहरण येथे तुलनेला घेण्यासारखे आहे. मिनामोतो योरितोमो या सामुराई नायकाने ११८० मध्ये आपल्या कुळाचा रक्षक युद्धदेव हाचिमान याचे देवस्थान तेथे आजच्या जागी आणले आणि नगराची आखणीच त्या देवस्थानाभोवती केली. पुढे शोगुन, म्हणजे तेथील लष्करी सत्ताधीश, नामधारी झाले आणि शिक्केन, म्हणजे त्यांचे मुख्य कारभारी, असलेल्या होजो घराण्याच्या हाती खरी सत्ता गेली. छत्रपती आणि पेशवे यांचे नाते माहीत असलेल्या वाचकाला ही व्यवस्था वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. होजोंनी जुन्या देवस्थानाशी स्पर्धा केली नाही. त्यांनी चीनमधून आलेल्या झेन भिक्षूंना आश्रय देऊन १२५३ मध्ये केंचोजी आणि १२८२ मध्ये एंगाकुजी ही विहारे स्थापिली; त्यांतील दुसरे मंगोल स्वाऱ्यांत दोन्ही बाजूंनी पडलेल्यांच्या स्मरणार्थ होते. १३३३ मध्ये कामाकुरा पडले आणि होजो कुळातील शेकडो माणसांनी आपल्या कुलविहारात आत्महत्या केली, पण केंचोजी व एंगाकुजी चालू राहिले. याहून वेगळा मार्ग पुढच्या काळातील तोकुगावा या शोगुन घराण्याचा. १६१६ मध्ये वारलेल्या इएयासूला मृत्यूनंतर देवत्व देण्यात आले, निक्को येथे त्याचे देवस्थान उभे राहिले आणि नातू इएमित्सू याने १६३६ मध्ये ते अपूर्व थाटाने पुन्हा बांधले. पुढे देशभरातील सरदारांनी आपापल्या मुलखात त्याची प्रतिदेवस्थाने उभारून निष्ठा दाखवली.

मावळात यांतले काहीच पूर्णपणे घडले नाही, आणि त्याचे कारण केवळ संपत्तीच्या कमी-अधिकपणात नाही. होजोंपाशी स्थिर मठ होते, ज्यांना स्वतःच्या जमिनी, स्वतःची शिष्यपरंपरा आणि घराण्याच्या पलीकडचे आयुष्य होते. दाभाड्यांची दक्षिणा मात्र दरवर्षी नव्याने द्यावी लागणारी रोकड होती, तिला इमारत नव्हती, आणि म्हणून ती पैशाच्या मागे पुण्याला जाऊ शकली. उलट वीरपुरुषाला देव करण्याच्या बाबतीत मराठी परंपरा संकोची राहिली. सरदाराच्या दहनस्थानी समाधी, म्हणजे दगडी चौथऱ्याची स्मारकवास्तू, बांधून तिच्यावर शिवलिंग किंवा पादुका ठेवण्याची चाल येथे रूढ होती. तेथे फूल वाहणारा माणूस महादेवाची पूजा करतो, मृत सरदाराची नव्हे, आणि तरीही दोन्ही एकाच वेळी साधते. तळेगावात बनेश्वराच्या देवळाच्या आवारात दाभाडे घराण्याच्या समाध्या आहेत त्या याच रीतीने. खंडेरावांची समाधी येथेच. निक्कोसारखा सेनापतीचा देव झाला नाही. सेनापती देवाच्या आवारात राहायला गेला, इतकेच.

घराण्याचा शेवटचा डाव १७५० मध्ये पडला. शाहू महाराजांच्या मृत्यूनंतर ताराबाईंनी पेशव्यांविरुद्ध उचल केली तेव्हा उमाबाईंनी त्यांची बाजू घेतली. नोव्हेंबर १७५० मध्ये आळंदीस नानासाहेब पेशव्यांशी झालेल्या भेटीत त्यांनी गुजरातच्या अर्ध्या वसुलाचा करार दडपणाखाली लिहून घेतलेला असल्याने तो बांधील नाही असे सांगितले, आणि पेशव्यांनी ते मानले नाही. दमाजी गायकवाड (बाळापूरच्या दमाजींचे चुलत नातू, दुसरे दमाजी) पंधरा हजारांची फौज घेऊन साताऱ्याकडे आले, सुरुवातीला जिंकले आणि मग अडकले. १७५१ च्या उन्हाळ्यात गायकवाड आणि दाभाडे दोघेही कैद झाले आणि पावसाळ्यात त्यांना लोहगडावर हलवण्यात आले. ज्या किल्ल्याच्या सावलीत त्यांचे वतन होते त्याच किल्ल्यावर सेनापतींना कैदी म्हणून चढावे लागले. याच लोहगडावर १७१३ मध्ये कान्होजी आंग्र्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना डांबले होते, म्हणजे चाळीस वर्षांच्या आत अष्टप्रधानांतील दोन पदांची अप्रतिष्ठा मावळातील एकाच गडाने पाहिली. दमाजींनी अर्ध्या गुजरातेवर पाणी सोडून आणि जुन्या धन्याची साथ सोडून १७५२ मध्ये सुटका करून घेतली, आणि त्यांच्या वंशजांनी बडोद्यास राज्य केले. दाभाड्यांना असा सौदा करण्याजोगे काही उरले नव्हते. उमाबाई २८ नोव्हेंबर १७५३ रोजी पुण्यात वारल्या आणि यशवंतराव पुढच्याच वर्षी. उमाबाईंची समाधी तळेगावास बनेश्वरापाशीच झाली.

यानंतर घराणे तळेगावचे जहागीरदार म्हणून राहिले आणि इंग्रजी अमलात दख्खनच्या पहिल्या वर्गाच्या सरदारांत त्यांची गणना झाली. सेनापतिपद हुजुरातून मिळालेले होते, म्हणून हुजुरातूनच गेले; पाटीलकी कोणी दिलेली नव्हती, त्यामुळे ग्रामदैवतापुढचा मान घेणारेही कोणी नव्हते. तळेगावच्या माळाने पुढेही मोठ्या घडामोडी पाहिल्या. जानेवारी १७७९ मध्ये रघुनाथरावांना गादीवर बसवायला निघालेली इंग्रज फौज घाट चढून आली, ४ जानेवारीला कार्ल्यापाशी कॅप्टन स्ट्युअर्ट, म्हणजे मराठी बखरकारांचा इष्टूर फाकडा, मारला गेला, ती फौज तळेगावाहून माघारी फिरली आणि महादजी शिंद्यांच्या कचाट्यात सापडून वडगाव येथे तिला तह करावा लागला. या सगळ्यात दाभाड्यांचे नाव शोधूनही सापडत नाही.

दक्षिणेचा प्रवास मात्र अजून संपला नव्हता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रज कमिशनर एल्फिन्स्टनने ती एकदम बंद न करता पन्नास हजार रुपयांवर आणली, आणि कमिशनर चॅप्लिनच्या काळात, १८२१ मध्ये, तिच्यातूनच विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. नव्या नावांची नोंद थांबवल्यामुळे पुढे रक्कम शिल्लक राहू लागली. १८४९ च्या सुमारास गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, आणि त्यांच्या बरोबरीच्या तरुणांनी या पैशाचा काही भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांसाठी खर्च व्हावा असा अर्ज तयार केला, तेव्हा पुण्यातील सनातनी मंडळी खवळली, आणि अर्जदारांच्या रक्षणासाठी जोतीराव फुले दोनशेच्या आसपास माणसे घेऊन आले. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. त्यानंतर याच निधीतून महाविद्यालयात दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. पुढील शिक्षण घेता घेता खालच्या वर्गांना शिकवणे हे त्यांचे काम, आणि महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही काही काळ त्या नेमणुकीवर होते. त्या पगारासाठी आता पंक्तीला बसावे लागत नव्हते, रमण्याच्या दारातून बाहेर पडावे लागत नव्हते, आणि जात पाहण्याऐवजी परीक्षेचा निकाल पाहिला जात होता, निदान कागदावर.